दगड, दात आणि हाड

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पावसाळ्यानंतर आठवीतील एक मुलगी रुमालात काहीतरी बांधून माझ्याकडे आली. खाणीच्या कडेला पडलेल्या मुरमात तिला ती वस्तू सापडली होती. पांढरी, गुळगुळीत, दाढेच्या आकाराची, खाली मुळांसारखे दोन फाटे. "सर, हा डायनासोरचा दात असेल का?" घरी आईने "असली हाडं घरात नकोत" म्हणून ती दोनदा बाहेर टाकली आणि मुलीने दोनदा उचलून आणली होती.

तो दात नव्हता. पण "नाही" एवढेच सांगून मी तिला परत पाठवले नाही. त्याचे कारण शेवटी सांगेन.

आपल्या पनवेलभोवतीचा काळा कातळ, कर्नाळ्याच्या सुळक्यापासून प्रबळगडापर्यंत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाचा आहे. तापलेल्या लाव्हात हाड कसे टिकणार? मात्र लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे जमिनीतील पाणी त्यांत झिरपत राहिले आणि गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट अशी खनिजे त्या पोकळ्यांत भरली. कातळ झिजला की हे पांढरे गोळे सुटून पडतात. कोणी दातासारखा, कोणी बोटाच्या पेरासारखा. मुलीच्या त्या 'दाढे'चा एक कोपरा मोडलेला होता. भिंगातून पाहिल्यावर तिथे स्फटिकाचे सपाट पैलू आरशासारखे चमकत होते. दात असा मोडत नाही.

मग आपल्या भागात जीवाश्म नाहीतच का? अगदी नाहीत असे नव्हे. एका लाव्हानंतर दुसरा येईपर्यंत मध्ये मोठा काळ जाई, तळी साचत, गाळ बसे. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशा गाळाच्या थरात लहान बेडकांचे सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन यांनी 1847 साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हा जीवाश्म शोधणाऱ्याने पहिला प्रश्न "हे कशासारखे दिसते?" हा विचारू नये. "हे कोणत्या दगडातून आले?" हा विचारावा. काळ्या कातळातून आलेल्या वस्तूविषयी संशय धरावा, गाळाच्या थरातून आलेल्या वस्तूविषयी आशा.

आता हाड ओळखायचे कसे? पालकहो, याचे निम्मे शिक्षण तुमच्या स्वयंपाकघरातच होते. बकरी ईदला मुलांनी नळी चोखलेली असते. ती नळी मोडून पाहा. बाहेरची भिंत घट्ट, आत मगजाची पोकळी, आणि सांध्याच्या टोकाला स्पंजासारखी जाळी. हाडाचा दगड झाला तरी ही रचना बहुधा राहते. जाळीच्या भोकांत खनिज भरते, त्यामुळे ते आजच्या हाडापेक्षा वजनदार लागते, पण भिंगाखाली जाळी दिसते. साध्या दगडात बाहेर एक आणि आत दुसरे असा ठरावीक क्रम सहसा नसतो. चुनखडीचे कंकर मात्र फार फसवतात. ते हुबेहूब सांध्याच्या हाडासारखे वाकडेतिकडे असतात, पण फोडल्यावर आत सगळीकडे सारखीच माती-चुना.

जुने सच्छिद्र हाड जिभेच्या टोकाला किंचित चिकटते, म्हणून कित्येक जाणकार ते जिभेला लावून पाहतात. मुलांनी हे करू नये. आणि न चिकटल्यास ते हाड नाही असेही ठरत नाही. हाड अगदी ताजे असेल, तर त्याचा कण निखाऱ्यावर धरल्यास केस जळल्याचा वास येतो. दगड झालेल्या हाडाला तो वास नाही. खाडीकाठी सापडणारी बहुतेक हाडे या परीक्षेतच म्हशीची नाहीतर बकऱ्याची ठरतात.

दाताची खूण अधिक सोपी आहे. वर दंतवल्काची चकाकी, खाली मंद रंगाचे मूळ, आणि दोहोंमध्ये स्पष्ट सीमा. चावून झिजलेला माथा असला तर शंकाच नको. हत्तीची दाढ मात्र आपल्या दाढेसारखी मुळीच दिसत नाही. वहाणेच्या तळव्याएवढा लांबट ठोकळा आणि त्यावर ओळीने आडव्या पट्ट्या. गोदावरीच्या गाळातील प्राचीन हत्तीची नोंद पिलग्रिम यांनी 1905 साली प्रसिद्ध केली. लातूरकडे मांजरेच्या काठी तर हत्तीबरोबर पाणघोड्याचेही अवशेष निघाले आहेत. डायनासोरची हाडे पाहायची तर आणखी पूर्वेला, चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याकडे, लाव्हाखालच्या जुन्या गाळात.

गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली येथे 1980 च्या सुमारास भूवैज्ञानिकांना डायनासोरची अंडी व हाडे सापडली. तेथील हाडांवरून 2003 साली 'राजासॉरस' हे नाव देण्यात आले. बालासिनोरच्या नवाब घराण्यातील आलिया सुलताना बाबी यांनी त्या जागेच्या रक्षणासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. गावातील एका म्हातारीच्या घरी मसाला वाटायला जो गोल दगड होता, तो त्यांनी अंडे म्हणून ओळखला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मुलींच्या शिक्षणावर आपण पुष्कळ भाषणे ऐकतो. त्यात ही हकीकत क्वचितच येते, म्हणून मुद्दाम सांगितली.

असे काही सापडले तर ओरबाडून काढू नका. धुऊ नका, पॉलिश तर मुळीच नको. जागेवरच फोटो घ्या, शेजारी एक नाणे ठेवा, गाव, नाला, थर आणि तारीख लिहा. जागा न लिहिलेल्या हाडाची किंमत शास्त्राच्या दृष्टीने फार घटते. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि नागपूरचे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय येथे विचारता येते.

आता ते कारण. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी गोदाकाठच्या एका गावात शिकवत होतो. एका मुलाने नदीच्या दरडीतून पट्ट्या-पट्ट्यांचा जड ठोकळा आणला. मी पाहिल्यासारखे केले आणि म्हणालो, "दगड आहे रे, वाफ्याला लाव." शाळेच्या बागेच्या कडेला तो लागला, इतर दगडांबरोबर त्यालाही गेरू-चुना लागला. त्या मुलाने पुन्हा मला काही आणून दाखवले नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी पुण्याला हत्तीची अश्मीभूत दाढ पाहिली, तेव्हा माझे पाय जागीच थिजले.

आठवीतल्या त्या मुलीला मी हे सांगितले. तिने लगेच विचारले, "मग सर, तुम्ही परत गेला नाहीत?"

गेलो होतो. वाफे केव्हाच काढून टाकले होते आणि तेथे सिमेंटचे अंगण झाले होते.