मागितलेली लस आणि लागणारी लस



 या अध्यक्षीय भाषणासाठी मी जो विषय निवडला आहे, तो ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या आपल्या डॉक्टरांच्या अधिवेशनांत फारसा येत नाही. उष्ण कटिबंधातल्या देशात जाणाऱ्या माणसाने निघण्यापूर्वी तब्येतीची काय तयारी करावी, कोणत्या लसी घ्याव्यात, आणि हे त्याला कोणी सांगावे, हा तो विषय. मोठ्या रुग्णालयांनी बघायचे काम म्हणून आपण ते सोडून दिले आहे. माझे ठाम मत आहे की ते स्टेशनजवळच्या दवाखान्यात बसणाऱ्या फॅमिली डॉक्टरचे आहे.

२०२१ चा डिसेंबर आठवा. महाराष्ट्रातला ओमिक्रॉनचा पहिला रुग्ण आपल्या डोंबिवलीचा होता. जहाजावर काम करणारा अभियंता. केप टाउनहून दुबई आणि दिल्लीमार्गे २४ नोव्हेंबरला तो मुंबईत उतरला, ४ डिसेंबरला अहवाल आला आणि वाहिन्यांच्या गाड्या कल्याण-डोंबिवलीत येऊन थडकल्या. महापालिकेच्या यंत्रणेने त्याच्या संपर्कातली माणसे शोधली, सगळ्यांच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, आणि आठ तारखेला तो बरा होऊन घरी गेला. ते काम चोख झाले. पण त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. त्याने कोविडची एकही लस घेतलेली नव्हती. तो एप्रिलमध्ये जहाजावर गेला होता आणि तेव्हा लस पंचेचाळिशीपुढच्यांनाच खुली होती. अठरा वर्षांपुढच्या सगळ्यांना ती १ मेपासून मिळू लागली. वयात न बसणारा आणि महिनोन्‌महिने बंदराबंदरांतून फिरणारा कामगार नियमांच्या फटीत राहून गेला. परत आला तेव्हा सगळ्या यंत्रणेचे लक्ष त्याच्यावर होते. तो निघाला तेव्हा त्याच्याकडे कोण बघत होते?

येणाऱ्यालाच तपासायची ही सवय जुनी आहे. १८९७ च्या प्लेगात मुंबईहून सुटलेल्या गाड्यांतल्या प्रवाशांची तपासणी याच कल्याण स्टेशनवर होत असे. ताप आहे का, गाठ आहे का, पाहायचे आणि संशयिताला वेगळे काढायचे. त्याच वर्षी, १० जानेवारीला, ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. रोगाला दारावर अडवायचे, की माणसाला आधीच तयार करायचे, हे दोन्ही विचार तेव्हापासून आपल्या परिसरात शेजारी शेजारी उभे आहेत. दारावरची तपासणी लोकांना दिसते, म्हणून तिच्यावर पैसा आणि मनुष्यबळ खर्च होते. तयारी दिसत नाही, म्हणून ती राहून जाते.

पीतज्वराचे उदाहरण घ्या, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते स्पष्ट होईल. नायजेरिया, घाना, युगांडा, अंगोला अशा देशांत नोकरीला जाणारी मुले ठाण्यात आणि डोंबिवलीत भरपूर आहेत. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, वेल्डर, फिटर, हिशेबनीस, जहाजावरचे खलाशी. कंपनीच्या यादीत ‘यलो फीवर’ लिहिलेले असते, म्हणून मुलगा मुंबईला बंदर किंवा विमानतळ आरोग्य संघटनेकडे जाऊन ती लस घेतो आणि पिवळी पुस्तिका पासपोर्टला रबर लावून ठेवतो. लस उत्तम आहे. मॅक्स थायलर यांनी १९३७ साली तयार केलेला तिचा १७डी हा वाण आजही वापरात आहे आणि त्या कामासाठी त्यांना १९५१ चे नोबेल मिळाले. एक डोस पुरतो. टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून प्रमाणपत्र लागू होते आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. दहा वर्षांनी पुन्हा टोचायला कोणी सांगत असेल, तर त्याला हे सांगा.

भारत या प्रमाणपत्राबाबत कडक आहे, आणि असायलाच हवा. पीतज्वराच्या देशातून प्रमाणपत्राविना येणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. पीतज्वर आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या प्रत्येक सोसायटीत आहे. गच्चीतली कुंडी, एसीखालची बादली, बांधकामावरचे साचलेले पाणी, जिथे डेंग्यू होतो तिथे सगळीकडे तो आहे. २०१६ मध्ये अंगोलाच्या साथीतून परतलेल्या अकरा जणांबरोबर पीतज्वर चीनमध्ये पोहोचला होता. असा एक जण मानपाड्याच्या चाळीत उतरला तर काय होईल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण ही लस त्या मुलाकडे कोणी मागितली? देशांनी मागितली, स्वतःच्या रक्षणासाठी. त्या मुलाला सगळ्यात मोठा धोका कशाचा आहे? मलेरियाचा. आणि मलेरियाच्या गोळ्यांचे प्रमाणपत्र कोणताही इमिग्रेशन अधिकारी मागत नाही. म्हणून पिवळी पुस्तिका जवळ असते आणि गोळ्या नसतात. व्हिसासाठी लागणारी लस माणूस घेतो, जिवासाठी लागणारी घेत नाही, कारण तिच्याबद्दल त्याला कोणी विचारलेलेच नसते. आज मला तुमच्यापुढे एवढे एकच मांडायचे आहे.

आपल्याकडची मुले म्हणतात, ‘डॉक्टर, मलेरिया काय, आपल्याकडे पण असतो, मला दोनदा झालाय.’ आपल्याकडे झालेला बहुधा व्हायवॅक्स असतो. थंडी वाजते, ताप येतो, गोळ्यांनी उतरतो. पश्चिम आफ्रिकेतला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम असतो आणि ज्याच्या अंगात त्याविरुद्धची प्रतिकारशक्ती नाही, त्याच्या मेंदूपर्यंत तो चार-पाच दिवसांत पोहोचू शकतो. डोंबिवलीत दोनदा झालेला मलेरिया लागोसमध्ये संरक्षण देत नाही. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे, रोज एक, जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परत आल्यावर चार आठवड्यांपर्यंत. अॅटोव्हॅकोन-प्रोग्वानिल महाग, पण परतल्यावर सात दिवसांत संपते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, मात्र नैराश्याचा किंवा फिट्सचा इतिहास असेल तर अजिबात नाही. वर्षानुवर्षे तिथेच राहणाऱ्याला रोज गोळी घेणे जमत नाही, हे मला मान्य आहे. त्याला मच्छरदाणी, अंगभर कपडे, डास पळवणारे मलम आणि ‘ताप आला की चोवीस तासांत रक्त तपास’ हा एक नियम तरी पाठ करून पाठवा.

आणि तो परत आल्यावर? दोन दिवस ताप, अंगदुखी, म्हणून तो आपल्याकडे येतो. आपण विडाल करतो, पॉझिटिव्ह येते, टायफॉइड म्हणून सलाईन सुरू होते. विडालवर किती भरवसा ठेवायचा, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ती लिहिली जाते. तापाच्या प्रत्येक रुग्णाला एक प्रश्न विचारलाच पाहिजे, ‘गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कुठे बाहेर गेला होतात?’ हा प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात. उत्तर आफ्रिकेचे आले, तर त्याच दिवशी मलेरियाची स्लाइड आणि रॅपिड टेस्ट, निगेटिव्ह आली तरी पुन्हा, आणि त्याबरोबर ब्लड कल्चर.

डासही प्रवास करतात, हे आपण विसरतो. मुंबई-ठाण्यात गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत वाढणारा अॅनोफिलीस स्टीफेन्साय हा शहरी मलेरियाचा डास २०१२ साली आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे २७ रुग्ण होते. २०२० मध्ये त्र्याहत्तर हजारांच्या वर गेले. आपल्या टाकीचे झाकण हा आता दुसऱ्या खंडाचाही प्रश्न आहे.

नोकरीसाठी जाणाऱ्यांपेक्षा किती तरी अधिक माणसे आता फिरायला जातात. डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा ठाण्याच्या गोखले रोडवर चालताना बाली, थायलंड, व्हिएतनामच्या सहलींचे फलक दिसतात. या सहलींत एक धोका कोणीच सांगत नाही, तो रेबीजचा. बालीत २००८ पर्यंत रेबीज नव्हता, आता आहे. उबुदच्या माकडांना केळे देताना पोरांचे फोटो काढले जातात आणि ओरखडा उठला की हॉटेलात अँटिसेप्टिक लावून ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणतात. घरी गेल्यावर बघायचे नसते. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. जखमेतून रक्त आले असेल तर इम्युनोग्लोब्युलिन लागते, आणि ते बेटांवर सहज मिळत नाही. ज्यांना दीर्घकाळ राहायचे आहे, ज्यांची मुले लहान आहेत, त्यांना निघण्यापूर्वी सात दिवसांच्या अंतराने दोन डोस द्या. मग चावा झालाच तर इम्युनोग्लोब्युलिनची गरज उरत नाही, आणि परक्या गावातली धावपळ वाचते.

भिवंडी, मुंब्रा, कौसा या भागांतल्या सहकाऱ्यांनी हजच्या बाबतीत आपल्याला वाट दाखवली आहे. मेनिंगोकोकल लस सौदी अरेबिया सक्तीने मागतो, ती पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी झालेली लागते, आणि शिबिरे भरवून ती दिली जाते. इथे मागितलेली लस आणि लागणारी लस एकच आहे, म्हणून काम होते. पण उमऱ्याला खासगी टूरने जाणारे वृद्ध या शिबिरांत येत नाहीत. फ्लूची लस त्यांना कोणी दिलेली नसते. मधुमेहाच्या गोळ्या किती दिवसांच्या, इन्सुलिन थंड कसे ठेवायचे, हे कोणी सांगितलेले नसते. २०२४ च्या हजमध्ये उष्म्याने तेराशेहून अधिक माणसे गेली. तिथे लस उपयोगाची नव्हती. कोणती गोळी कमी करायची, किती पाणी प्यायचे, दुपारी कुठे थांबायचे, एवढे सांगणारा माणूस हवा होता.

आता उलट्या दिशेच्या प्रवासाविषयी. उन्हाळ्यात न्यू जर्सीहून, लंडनहून नातवंडे आजी-आजोबांकडे येतात. त्यांच्या दृष्टीने उष्ण कटिबंधातला देश म्हणजे आपणच. आईबाप इथेच वाढलेले, त्यांना वाटते, आपण हे पाणी पिऊन मोठे झालो, पोरांना काय होणार? आईबापांची मूळ प्रतिकारशक्तीही इतक्या वर्षांत ओसरलेली असते, आणि पोरांना ती कधी नव्हतीच. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये आढळणाऱ्या टायफॉइडच्या रुग्णांत सगळ्यात मोठा गट दक्षिण आशियात नातलगांना भेटून आलेल्यांचा असतो. हॉटेलात उतरणारा परका पर्यटक बाटलीचे पाणी पितो. आपले नातवंड आजीच्या माठातले पिते, कॉलनीतल्या कुत्र्याच्या पिल्लाशी खेळते आणि महिनाभर राहते. म्हणून परदेशातली लेकरे फोनवर ‘येताना काय आणू’ असे विचारतील, तेव्हा आजोबांनी ‘टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लसी झाल्या का’ हेही विचारावे, असे आपण त्यांना सांगायला हवे. गोवरही लक्षात ठेवा. सहा महिन्यांपुढचे बाळ येणार असेल तर तिथल्या डॉक्टरांनी एक जादा डोस निघण्यापूर्वी द्यावा.

हिपॅटायटिस ए बद्दल आणखी एक. चाळीस वर्षांपूर्वी इथल्या मुलांना ही कावीळ लहानपणीच, कळत-नकळत होऊन जायची. आता ठाण्याच्या मोठ्या संकुलांतली मुले शुद्ध पाण्यावर वाढतात आणि पंचविशीत पहिल्यांदा परदेशात किंवा ट्रेकला गेल्यावर आजारी पडतात, तेही जोरात.

टायफॉइडच्या बाबतीत तर आपल्या जिल्ह्याने जगाला धडा घालून दिला आहे. २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना टायफॉइडची संयुग्मित लस मोहीम काढून दिली. सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने ही लस वापरण्याची जगातली ती पहिली वेळ. एक लाखाहून अधिक मुलांना ती मिळाली. हे काम नवी मुंबईत जमले, मग कल्याण-डोंबिवलीत का जमू नये?

मी काही अवघड मागत नाही. प्रवासाला निघणाऱ्याने सहा आठवडे आधी आपल्याला भेटावे, ही सवय आपणच लावायची आहे. टूर कंपन्यांच्या कार्यालयांत एक कागद नेऊन द्या. प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या फाइलमध्ये लसींचा एक रकाना ठेवा, कारण आज साठीच्या माणसाला धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले तेही आठवत नाही. जिवंत लसी एका दिवशी द्या किंवा चार आठवड्यांच्या अंतराने, ही गोष्ट कम्पाउंडरलाही शिकवा. पीतज्वराच्या लसीपूर्वी अंड्याची अॅलर्जी, थायमसचा आजार, कमी झालेली प्रतिकारशक्ती याची चौकशी आपल्याच दवाखान्यात करा. साठीपुढच्याला ती लस खरेच लागणार आहे का, याचा दोनदा विचार करा.

आणि या अधिवेशनाने एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, या तिन्ही ठिकाणी आठवड्यातून एक दिवस प्रवासी आरोग्याचा बाह्यरुग्ण विभाग सुरू करावा आणि कळव्यात पीतज्वर लसीकरणाच्या मान्यतेसाठी केंद्राकडे अर्ज करावा, अशी मागणी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडे करू या. त्या विभागात बसायला आपल्यातले डॉक्टर आळीपाळीने, विनामोबदला तयार आहेत, हे त्याच पत्रात लिहू या. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. जेवायला जाण्यापूर्वी आपापले नाव आणि सवडीचा वार तिच्यात लिहावा.