वृद्धांचा दिवस
(आमच्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, पंचवटी येथे झालेले भाषण)



वार्धक्याविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली. औषधोपचारांविषयी बोलण्याचा अधिकार वैद्यांचा. आम्ही सन २०२० च्या साथीत आपल्याच आळीत जे पाहिले तेवढेच सांगणार आहोत.

पंचवटीतील वृद्धाचा दिवस घरात उजाडत नाही. पहाटे रामकुंडावर स्नान, काळारामाचे दर्शन, कपालेश्वराच्या पायऱ्यांवर घटकाभर बैठक, परतताना मेथीची एखादी जुडी. तेवढ्यात पाचपन्नास माणसांशी रामराम होतो. ह्याला आपण रिकामपणाचा उद्योग समजत आलो. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी आली, पासष्टीपुढील मंडळींनी घरीच राहावे असे सरकारने सांगितले, आणि त्या फेरीचे मोल आम्हांस कळले. २ एप्रिलच्या रामनवमीस काळारामाचे द्वार भाविकांस बंद होते. मंदिरे उघडली ती १६ नोव्हेंबरास, पाडव्याच्या दिवशी. मधल्या काळात, ज्यांना रोग शिवलाही नव्हता अशी माणसे ओसरीची पायरी भिंतीला धरून उतरू लागली. म्हाताऱ्या पायांतील बळ बसून राहिल्याने फार लवकर ओसरते. ज्यांना कमी ऐकू येते ते समोरच्याच्या ओठांवरून बोलणे ताडतात. मुखपट्टीने तोही आधार गेला.

आता आमची चूक सांगतो. मंडळाने घरोघर धान्य पोचविले, त्याचा आम्हांस थोडा अभिमानही वाटत होता. परंतु आमच्या यादीत सारे वृद्ध ‘घेणारे’ म्हणूनच लिहिलेले होते. मंडळाचे एक जुने हिशेबनीस दूरध्वनीवर म्हणाले, “तांदूळ मिळाले. आता माझ्याकडून तुम्हांला काय हवे, ते विचारा.” आम्ही निरुत्तर झालो.

दुसऱ्या दिवसापासून एकट्या राहणाऱ्या वृद्धांची रोज सकाळी दूरध्वनीवरून विचारपूस करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. त्यासाठी एक वही घातली. कोण जेवले, कोणाची झोप उडाली, सारे तीत येई. एका आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपून आठ दिवस झाले होते. पोरांना त्रास नको म्हणून त्या गप्प होत्या. धान्य देणाऱ्या आमच्या स्वयंसेवकांना हे कळले नव्हते, वहीला कळले. १ मार्च २०२१ पासून साठीपुढील सर्वांना लस मिळू लागली, तेव्हा कोणाला आधी न्यावे हे त्याच वहीवरून ठरले. एप्रिलच्या दुसऱ्या लाटेत तीन नावांवर रेघ ओढावी लागली. ती त्यांनी स्वतःच ओढली, आणि त्या दिवशीही उरलेल्या घरी फोन केले.

तरुण मंडळींनी वृद्धांची सेवा करावी असे ठराव आपण दरवर्षी करतो. त्यांच्याकडे काम मागावे, असा ठराव मात्र आमच्या स्मरणात नाही.

वही अजून चालू आहे. गेल्या पंधरवड्यात एके सकाळी हिशेबनिसांचा फोन कोणालाच आला नाही. साडेआठाच्या आत चार घरांतून त्यांच्याकडे फोन गेले. ते रामकुंडावर होते. स्नान लांबले होते.