बर्फावरचा पहिला पोशाख



अंधेरीच्या माणसाने बर्फावरच्या कपड्यांविषयी बोलावे, याचे तुम्हांला हसू येईल. पण आपली मुले आता गुलमर्गला फळीवरून घसरायला शिकतात. माझा पुतण्या गेला तो सुती गंजिफ्रॉक आणि जीनची विजार घालून. नवशिका शंभरदा पडतो. घाम आणि वितळलेला बर्फ सुतात मुरतो, अंगाची ऊब जाते. ज्या सुताने मुंबई पोसली, तेच तेथे दगा देते! पोरगा तासाभरात कुडकुडत परतला.

म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर स्वेटर, वरून पाणी न शिरणारे जाकीट व विजार. लोकरी मोज्यांचा एकच जोड. दोन घातल्यास बूट आवळतो, बोटे गारठतात. पडताना माणूस हात टेकतो, म्हणून हातमोजे आणि मनगटाला आधारपट्टी. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना चष्मा. बर्फावरून उलटणारे ऊन डोळे जाळते.

१९४८ च्या कारखाना कायद्यात डोळ्यांच्या रक्षणाचे कलम होते. तरी चष्म्यासाठी आम्हांला भांडावे लागले. बर्फावर मालकही आपण, कामगारही आपण. तेव्हा फोटोतल्या जाकिटाआधी हेल्मेटचे भाडे मोजा.