गाळ काढला, पण टाकला कुठे?

खाडीकाठच्या बायकांना गाळ काही नवा नाही. ओहोटीला गुडघाभर गाळात उतरून तिसऱ्या काढणाऱ्या आपणच. आज गाळाबद्दलच बोलू, पण लांबच्या, ऑस्ट्रेलियातल्या.

तिथे क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ सुमारे २३०० किलोमीटर लांबीची प्रवाळांची रांग आहे, ग्रेट बॅरिअर रीफ. १९८१ पासून ती जागतिक वारसा आहे. त्याच किनाऱ्यावर ॲबट पॉइंट हे कोळशाचं बंदर. ते वाढवायचं, तर समुद्राचा तळ खणायला हवा. निघणार होता ३० लाख घनमीटर गाळ. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत तीन घनमीटर धरा, म्हणजे दहा लाख ट्रॉल्या झाल्या! आणि तो टाकायचा होता संरक्षित सागरी उद्यानाच्या हद्दीत.

कुणी म्हणेल, समुद्राचीच माती समुद्रात टाकली तर बिघडलं कुठे? पाणी गढूळ झालं की ऊन तळाशी पोचत नाही. मग समुद्री गवत मरतं, आणि त्यावर जगणारी कासवं उपाशी राहतात. प्रवाळांवर, शिंपल्यांवर थर बसला की ती गुदमरतात. शिवाय बंदरातल्या गाळात तेल, शिसं असं काय काय मुरलेलं असू शकतं.

म्हणून समुद्रात काही टाकण्याबाबत जगातल्या अनेक देशांनी मिळून करार केलेत. १९९६ च्या लंडन प्रोटोकॉलचा पाया असा, की यादीत नाव असेल तेवढंच टाकायचं, बाकी सगळ्याला बंदी. गाळाचं नाव यादीत आहे, पण परवाना मागितला की मिळाला असं नाही. आधी विचारतात, हा गाळ दुसरीकडे वापरता येईल का? झेपेल अशा खर्चात येत असेल, तर परवाना नाकारायचा. मला हा प्रश्न फार आवडतो. घरात जुनं लुगडं फेकण्याआधी आपण हेच विचारतो ना? त्यानंतर गाळाची तपासणी होते, टाकायची जागा, प्रवाह, तिथले जीव पाहतात.

ॲबट पॉइंटला हे सगळं झालं, आणि तरीही जानेवारी २०१४ मध्ये सागरी उद्यानाच्या प्राधिकरणानं परवाना दिला! ४७ अटी घातल्या. प्रवाळांच्या प्रजननाच्या दिवसांत गाळ टाकायचा नाही, ही त्यातलीच. पण दोनशेहून जास्त शास्त्रज्ञांनी विरोध केला होता, मच्छीमार आणि पर्यटनवाले संतापले होते, युनेस्कोचंही लक्ष होतं. अखेर तो गाळ समुद्रात पडला नाही. २०१५ मध्ये सरकारनं नियमच बदलला : नव्या खोदाईचा गाळ सागरी उद्यानात टाकायचा नाही.

फट मात्र राहिली. नेहमीच्या साफसफाईचा, म्हणजे देखभालीचा गाळ या बंदीतून सुटला. २०१९ मध्ये हे पॉइंट बंदराला असा सुमारे दहा लाख टन गाळ उद्यानात टाकायची परवानगी मिळाली. मासळीला काय कळतं, गाळ नवा की देखभालीचा?

आपल्याकडे २००६ ची पर्यावरण परिणाम अधिसूचना आहे. तिच्यातही देखभालीच्या खोदाईला वेगळी मंजुरी लागत नाही, मात्र ती मूळ मंजुरीतच धरलेली हवी. म्हणून पहिल्या सुनावणीलाच विचारायचं : पुढे दरवर्षी किती गाळ निघेल, आणि तो जाईल कुठे? लोकसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. अहवालाचा सारांश मराठीत असावाच लागतो, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत तो बघता येतो. गटातल्या लिहित्या मुलीला घेऊन जा. नकाशावर गाळ टाकायच्या जागेवर बोट ठेवा आणि आपली तिसऱ्यांची जागा तिथून किती लांब आहे ते पाहा. सुनावणीला जाणं जमलं नाही तर हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या, सगळ्याजणींच्या सह्या घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.