घरच्या मजुरीचा हिशेब



वरोऱ्याच्या बाजारात कापूस विकून आलेल्या कास्तकाराला खर्च विचारा. बियाणं, खत, फवारणी, वेचणीचे पैसे तो पटापट सांगेल. घरच्या माणसांनी केलेलं निंदण-डवरण मात्र त्यात येत नाही. ‘ते तर घरचंच आहे,’ म्हणेल. त्या घरच्या वेळाविषयीच आज बोलायचं आहे.

कृषी खर्च आणि मूल्य आयोग हमीभावाची शिफारस करताना खिशातून गेलेल्या पैशांत घरच्या माणसांची मजुरीही मिळवतो. 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा असा खर्च क्विंटलला 5140 रुपये धरला गेला आणि त्याच्या दीडपट, 7710 रुपये हमीभाव जाहीर झाला. पऱ्हाटीत वाकून घालवलेली तुमच्या घरच्यांची दुपार दिल्लीच्या हिशेबात आहे. तुमच्या वहीतही ती यायला हवी.

भाव लावायची सोपी रीत म्हणजे तेच काम मजूर लावून केलं असतं तर रोजी किती पडली असती, ते पाहणं. दुसरी रीत, तो वेळ दुसरीकडे घातला असता तर किती मिळाले असते. म्हणून ऐन वेचणीत तहसीलच्या कामात गेलेला दिवस महाग पडतो. तेच काम उन्हाळ्यात स्वस्तात होतं. पहिल्या रीतीत मला एक खोट दिसते. गावात बाईची रोजी पुरुषापेक्षा कमी असते, त्याच दराने मोजलं तर तो अन्याय वहीतही उतरतो. दोघांना एकच दर लावा. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर 312 रुपये होता, बाईला आणि पुरुषाला सारखाच.

जंगलाच्या कडेच्या गावांनी तेंदूपत्त्याचा हिशेब असाच करून पाहावा. पैसे मिळतात पुड्यावर. पण पहाटे जंगलात जाणं, भारा डोक्यावर आणणं, मग भर दुपारी ओसरीत सत्तर-सत्तर पानं मोजून बांधणं, त्यात म्हातारी आणि पोरंही बसलेली. सगळ्यांच्या तासांचे मिळून किती दिवस होतात ते काढा आणि आलेल्या पैशांना त्या दिवसांनी भागा. येणारा आकडा 312 च्या किती खाली किंवा वर आहे ते पाहा, आणि तुमची ग्रामसभा दर ठरवत असेल तर तिथे मांडा.

नोंदीसाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकोनात कोण, कुठे, किती तास, एवढंच लिहा. स्वयंपाक, पाणी, सरपण, आजाऱ्याची सेवा हेही लिहा. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची नुसत्या बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषाची 97.

हेच आकडे जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात आले. अपघातात गेलेल्या गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरून भरपाई द्यावी, असं न्यायालयाने म्हटलं. आपल्या नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर कुणा घरावर असा प्रसंग आला, तर दाव्याच्या अर्जात ‘कमाई नाही’ असं लिहू देऊ नका. ती घरात आणि शेतात काय काय करत होती, ते वकिलांना सविस्तर सांगा आणि त्याची किंमत मागा.