मानसशास्त्रीय चाचणी आणि पालकांची भूमिका



मुलाची मानसशास्त्रीय चाचणी करून घ्यावी, असे शाळेने सुचविले की घरातील वातावरणच बदलते. ‘आमचे मूल वेडे आहे काय?’ हा पहिला प्रश्न, आणि ‘लोक काय म्हणतील?’ हा दुसरा. या भीतीपायी वेळेवर मिळू शकणारे साहाय्य लांबणीवर पडते.

१९०५ साली पॅरिस येथे आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना वेगळे शिक्षण देता यावे, हा तिचा हेतू होता. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड व मराठी मुलांसाठी रूपांतरित केली. त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला.

आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा भरले, तर सहाला आठाने भागून शंभराने गुणावयाचे. बुद्ध्यंक ७५ येतो. परंतु एवढ्यावरून निर्णय करू नये. सोलापुरात घरी तेलुगू वा कन्नड आणि शाळेत मराठी, अशी अनेक मुले आहेत. प्रश्नाची भाषाच न उमगलेल्या मुलाचा आकडा कमी आला, तर तो दोष बुद्धीचा कसा म्हणावा? श्रवणदोष, दृष्टिदोष, आजारपण व भय यांनीही आकडा घसरतो. उलट, जुन्या निकषांवर आजच्या मुलांचा आकडा फुगूनही येतो.

काही मुलांची बुद्धी उत्तम असते. मात्र वाचन-लेखनात ती अडखळतात आणि ‘आळशी’ म्हणून मार खातात. ही अध्ययन अक्षमता चाचण्यांच्या आधारेच स्पष्ट होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तिचा समावेश असून, प्रमाणपत्र मिळाल्यास अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत वाढीव वेळेसारख्या सवलती मिळतात.

दहावीनंतर शाखा निवडतानाही चाचण्या उपयोगी पडतात. येथे कल व क्षमता यांत भेद करावा. आवड आहे म्हणून गती असेलच असे नाही; गती आहे म्हणून आवड असेलच असेही नाही.

चाचणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडूनच, मुलाला समजणाऱ्या भाषेत व्हावी. अहवाल हाती येताच ‘किती गुण?’ असे विचारण्याऐवजी ‘आता घरी व शाळेत काय करावयाचे?’ असे पालकांनी विचारावे. आणि तो आकडा पाहुण्यांसमोर, भावंडांसमोर कधीही उच्चारू नये. मूल ते शब्द आयुष्यभर विसरत नाही.