हिशेब करणारे यंत्र आणि त्याला शिकवणारी माणसे

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज पाटी-पेन्सिल जरा बाजूला ठेवा. आज एक गोष्ट ऐकायची आहे. गोष्ट संगणकाची आहे. संगणक म्हणजे आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो तो. गणना करतो तो संगणक.

ही गोष्ट निघाली ती आपल्या वर्गातल्या एका काकूंमुळे. काकू रोज सकाळी डेअरीवर दूध घालतात. मागच्या महिन्यात एके दिवशी त्यांनी सहा लिटर दूध घातले. कॉम्प्युटरमधून चिठ्ठी निघाली. पूर्वी त्या चिठ्ठी तशीच पदराला बांधून घरी नेत. त्या दिवशी त्यांनी ती वाचली. चिठ्ठीवर आकडा होता चारचा.

काकू म्हणाल्या, "भाऊ, हितं चार पडलंय. माझं दूध सहा लिटर हाय."

तो पोरगा म्हणाला, "काकू, कॉम्प्युटर चुकत नसतो."

काकू म्हणाल्या, "कॉम्प्युटर चुकत नसंल. पण त्यात आकडा कुणी घातला?"

पोरगा हसला. त्याने पुन्हा पाहिले. चूक दुरुस्त झाली. दर ३५ रुपये धरला, तर दोन लिटरचे ७० रुपये वाचले.

त्याच दिवशी काकूंनी मला विचारले, "माझ्या लेकीला कॉम्प्युटर शिकायचाय. घरातली म्हणत्यात, ही यंत्रं माणसांची कामं खात्यात. मग शिकून काय करायचं? तिला धाडू का नको?"

प्रश्न साधा नाही. फीचे पैसे लागतात. एस.टी.चा खर्च लागतो. म्हणून उत्तर नीट द्यायला हवे. त्यासाठी थोडे मागे जाऊ.

तुम्हांला नवल वाटेल, पण पूर्वी कॉम्प्युटर हे यंत्राचे नाव नव्हते. ते माणसाच्या कामाचे नाव होते. जो बसून मोठमोठे हिशेब करी, त्याला इंग्रजीत कॉम्प्युटर म्हणत. इंग्रजांच्या काळात आपल्या देशाची मोजणी चालली होती. त्या मोजणी खात्यात १८३१ साली बंगालचे राधानाथ सिकदार नावाचे तरुण कॉम्प्युटर म्हणून लागले. हातात लेखणी, समोर कागद. हिमालयाची शिखरे दुरून दुर्बिणीने मोजत आणि हिशेब कागदावर करत. १८५२ सालच्या अशा हिशेबातून एक शिखर जगात सर्वांत उंच असल्याचे पुढे आले. तेच एव्हरेस्ट.

आता अमेरिकेत जाऊ. दुसरे महायुद्ध चालू होते. तोफेचा गोळा कुठे पडेल, याचे तक्ते करायचे होते. ते काम बऱ्याचशा बायका करत. त्यांनाही कॉम्प्युटरच म्हणत. एका गोळ्याच्या वाटेचा हिशेब हाताने करायला कित्येक तास लागत.

मग फिलाडेल्फिया शहरात एक यंत्र बांधले गेले. त्याचे नाव एनियाक. १९४६ साली ते लोकांना दाखवले. एका मोठ्या दालनाच्या भिंती त्याने भरून गेल्या होत्या. वजन सुमारे ३० टन. आत १८ हजारांच्या आसपास काचेच्या नळ्या. दिसायला विजेच्या दिव्यासारख्या. ज्या हिशेबाला तास लागत, तो हे यंत्र अर्ध्या मिनिटात करी.

आता तुम्ही म्हणाल, झाले! यंत्राने बायकांचे काम खाल्ले.

खरे आहे. हाताने हिशेब करण्याचे ते काम हळूहळू गेलेच. ते लपवण्यात अर्थ नाही. पण पुढे काय झाले ते ऐका. यंत्र उभे राहिले, तरी त्याला काही कळत नव्हते. आधी काय करायचे, मग काय करायचे, हे त्याला कोणी सांगायचे? तेव्हा हिशेब करणाऱ्या त्या बायकांतल्याच सहा जणींना निवडले. त्यांनी यंत्राचे नकाशे वाचले. कोणती तार कुठे जोडायची, कोणते बटण कुठे फिरवायचे, हे त्यांनी ठरवले. संगणकाला कामाला लावणाऱ्या जगातल्या पहिल्या माणसांमध्ये या सहा बायका आहेत. त्या वेळी त्यांची नावे फारशी कोणी घेतली नाहीत. आज जग घेते.

आपल्याकडेही ही विद्या लवकर आली, बरं का. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभा तिचे प्रमुख होते. तिथे १९५४ साली काही तरुण मंडळींनी संगणक बांधायला घेतला. आर. नरसिंहन हे त्यांचे पुढारी. त्यांच्यापैकी पूर्वी कोणीही असे यंत्र बांधलेले नव्हते. आधी त्यांनी लहान यंत्र करून पाहिले. मग मोठे बांधले. १९६० साली ते कामाला लागले. त्यात २,७०० काचेच्या नळ्या होत्या. १९६२ साली त्याचे नाव टिफ्रॅक ठेवले. एवढे मोठे ते यंत्र, पण त्याच्या आठवणीत आज तुमच्या मोबाईलमधला एक फोटोसुद्धा मावला नसता.

मग यंत्र लहान कसे झाले? काचेची नळी तापे, फुटे, जागा खाई. १९४७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. आपल्या घरच्या रेडिओला आपण ज्याच्यावरून ट्रान्झिस्टर म्हणायचो, तोच हा. नळीचे काम हा इवलासा तुकडा करू लागला. पुढे नखाएवढ्या चकतीवर असे पुष्कळ ट्रान्झिस्टर बसवता आले. १९७१ साली निघालेल्या एका चकतीवर २,३०० होते. आज अब्जावधी बसतात. म्हणून दालनाएवढे यंत्र खिशात आले.

पण आकार बदलला, तरी एक गोष्ट बदलली नाही. यंत्र सांगितल्याबरहुकूम चालते. आपल्या दुधाचेच पाहा. त्या कॉम्प्युटरला कोणीतरी लिहून दिले आहे: आधी लिटर घे. मग फॅट घे. दरपत्रकातून दर काढ. लिटरला दराने गुण. चिठ्ठी छाप. अशा क्रमाने लिहिलेल्या सूचनांना प्रोग्रॅम म्हणतात. दर चुकीचा लिहिला, तर यंत्र हजार चिठ्ठ्या चुकीच्या छापील आणि त्याला त्याचे काही वाटणार नाही. चूक दिसते ती वाचणाऱ्या माणसाला.

आता काकूंच्या लेकीचे. या क्षेत्रात कामे कोणती?

सेवा केंद्रात सातबारा, दाखले काढून देणारा लागतो. डेअरीत, बँकेत, दवाखान्यात नोंदी करणारा लागतो. बिघडलेले यंत्र दुरुस्त करणारा लागतो. त्याच्या वर प्रोग्रॅम लिहिणारा, आणि तो नीट चालतो का हे तपासणारा.

शिकायच्या वाटाही वेगवेगळ्या आहेत. ओळख करून घ्यायला एम.एस.सी.आय.टी.चा वर्ग आहे. तो महाराष्ट्रात २००१ सालापासून चालतो. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये कोपा नावाचा एक वर्षाचा अभ्यास आहे. तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आहे. बारावीनंतर तीन-चार वर्षांची पदवी आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. नुसता तीन महिन्यांचा वर्ग केला म्हणून नोकरी दारात चालून येत नाही. तशी हमी कोणी दिली, तर पैसे भरण्याआधी चार ठिकाणी चौकशी करा. पावती मागा. आणि ती वाचा. अलीकडे तर संगणक स्वतःच प्रोग्रॅम लिहू लागला आहे. त्यामुळे काही कामे जातील, काही बदलतील. ज्याला फक्त बटणे दाबता येतात, त्याला धोका जास्त. ज्याला काम समजते, जो विचारतो "हा आकडा आला कुठून?", तो टिकेल.

म्हणून काकू, माझे उत्तर असे. लेकीला जरूर धाडा. पण वर्गाबरोबर तिचे गणित आणि वाचन सुटू देऊ नका. त्या सहा बायकांना काम मिळाले ते हिशेब पक्का होता म्हणून. यंत्र त्यांनी मागाहून पाहिले.

आणि तुमचे काय, मंडळी? तुम्ही प्रोग्रॅम लिहायला जाणार नाही. पण तुमचा सातबारा, तुमच्या दुधाची चिठ्ठी, तुमचे बँकेचे पासबुक, सगळे आता संगणकातून निघते. ते वाचायचे काम तुमचे आहे. काकूंनी चारचा आकडा ओळखला, म्हणून सहाचे पैसे मिळाले.

उद्या येताना प्रत्येकाने घरातली एक छापील चिठ्ठी आणावी. दुधाची, विजेच्या बिलाची, कोणतीही. आपण ती मिळून वाचू. बरोबर आहे का, तेही पाहू.

रामराम.